जंबोचं दुसरं टोक

४ सप्टेंबर

आज दिवसभर जंबो, जंबो, जंबो! पाणी देऊन वळले — जंबो. उशी सरकवून गेले — जंबो. पंखा कमी केला, मग वाढवला, मग वैतागून बंदच करून बाहेर पडले — जंबो. शेवटी म्हटलं, अहो, मला तरी कळू द्या काय हवंय! तर तोंड भिंतीकडे.

अर्धांगाचा झटका आल्यापासून यांच्या तोंडात हा एकच शब्द उरलाय. बाकी सगळे गेले. माझं नाव गेलं, मुलाचं गेलं, 'हो' गेलं, 'नको' गेलं. शिव्यासुद्धा गेल्या, आणि त्या यांच्याकडे काही कमी नव्हत्या. डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादा शब्द मागे राहून जातो. कुणाच्या तोंडी देवाचं नाव राहतं, कुणाच्या तोंडी आईचं. म्हटलं, आमच्याकडे कागदाचं माप राहिलंय.

डॉक्टर हसले. मीही हसले. रिक्षात बसल्यावर मात्र रडू आलं.

५ सप्टेंबर

मुलाचा फोन. महिनाअखेरीस येतोय. येतोय म्हणजे भेटायला नाही, न्यायला! त्याच्या शहरात म्हणे एक चांगली जागा आहे, अशाच माणसांसाठी. चोवीस तास नर्स, उचलायला दणकट माणसं, स्वच्छता वगैरे. बाबा तिथे राहतील, तू आमच्याकडे राहा, रोज संध्याकाळी त्यांना भेटायला जात जा, म्हणतो. भेटायला! एवढा संसार करून आता मी यांना ठरवून भेटायला जायचं.

त्याचंही खोटं नाही. हे उठत नाहीत. दवाखान्यातून आले तेव्हा काठी धरून थोडं चालायचे. मग बाथरूममध्ये पडले. मी सावरायला गेले तर मीही पडले आणि यांचा सगळा भार माझ्या कमरेवर. शेजारच्या इस्त्रीवाल्यानं धावत येऊन दोघांना उचललं. त्या दिवसापासून यांनी जमिनीला पाय म्हणून लावला नाही. कूस बदलायची तर मी, बसवायचं तर मी. माझी कंबर आता वाकली की सरळ व्हायला मागत नाही. मुलगा म्हणाला, आई, ते नुसते उभे राहत असते ना, तर मी हा विषयच काढला नसता.

म्हणजे मामला एवढाच आहे. महिनाअखेरपर्यंत हे उभे राहिले तर घरी. नाही तर त्या जागेत.

उंटावरून शेळ्या हाकतोयस, असं अगदी ओठावर आलं होतं. पण फोन ठेवताना त्याचाच आवाज चिरका झाला, म्हणून गिळलं.

८ सप्टेंबर

बोलायला शिकवणारी बाई आजपासून यायला लागली. लहानशी आहे चणीनं, पण तोंडाचा पट्टा अखंड चालू. मी तिचं नाव बोलकी ठेवलंय. पिशवीतून चित्रं काढली. चेंडू — हे म्हणाले जंबो. कप — जंबो. घर — जंबो. मग तिनं माझ्याकडे माझाच एक फोटो मागितला आणि तो धरला यांच्यासमोर. मी यांच्या मागेच खुर्चीत बसलेले. यांनी फोटोकडे पाहिलं, मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि गप्प! कपाला जंबो मिळाला, मला तेवढंही नाही. लागलं मला. का लागू नये?

मग तिनं विचारलं, हा शब्द घरात आला कुठून. तिला पुढच्या खोलीत नेलं आणि दुकान दाखवलं. मशीनवर कापड टाकून ठेवलंय, ते उचललं. म्हटलं, इथे घरांचे, पुलांचे, दवाखान्यांचे नकाशे येतात, आम्ही त्यांच्या कॉप्या काढून देतो. साधा कागद असला तर हे एकटेच काढायचे. पण मोठा नकाशा म्हणजे पलंगावरच्या चादरीएवढा. तो जंबो. तो एकट्याच्यानं होत नाही. हे पुढून कागद सरळ धरून मशीनमध्ये घालायचे, हात सोडला की तिरका जातो. आणि तो मागून बाहेर यायला लागला की तिथे धरायला दुसरं माणूस लागतं. नाहीतर गुंडाळी होऊन खाली पडतो, चुरगळतो, नाहीतर उलटा फिरून मशीनमध्येच तोंड घालतो. ते दुसरं माणूस मी.

गिऱ्हाईक मोठा नकाशा घेऊन आलं की हे आतल्या पडद्याकडे तोंड करून हाक द्यायचे — जंबो! की मी हातातलं टाकून पुढे. किती वेळा दूध उतू गेलंय, किती भाज्या करपल्यात. एकदा तर पोराला अर्ध्या आंघोळीत साबणासकट सोडून आले होते. तो तसाच फेसानं माखलेला दुकानात येऊन उभा राहिला आणि गिऱ्हाइकाला म्हणाला, माझी आई मागे अडकलीय. अजून आठवलं की हसू येतं.

एरवी हे मला 'अगं' म्हणायचे आणि मी 'अहो'. कामाची हाक जंबो. पण तो शब्द यांचा. माझ्या तोंडून तो कधी गेला नाही. जायचं कारणच काय? बोलावणारे हे, येणारी मी.

बोलकीनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, शब्दाचा अर्थ पुस्तकात शोधू नका. ते कधी म्हणतात, कुठल्या सुरात म्हणतात आणि म्हणताना त्यांचा हात काय करतो, तेवढं बघत जा. बरं बाई, बघते. मला दुसरं काय काम आहे!

९ सप्टेंबर

चहाच्या आधी जंबो. चहा नेला. डावा हात पुढे केला, बोटांची चिमूट करून. साखर कमी वाटली असेल म्हणून चिमूटभर घातली. कप ढकलून दिला. चादर धुवायला टाकली.

११ सप्टेंबर

आज व्यायामवाला. हा दर शुक्रवारी येतो, हसरा पोरगा, पण हाताला दगड बांधल्यासारखा दाबतो. यांचा उजवा पाय वर-खाली, वाकडा-तिकडा करून पाहिला. म्हणाला, काकू, पायात ताकद परत आलीय. काका आता उभे राहू शकतात. पाय तयार आहे, काकाच तयार नाहीत.

त्यानं सुताराकडून भिंतीला लाकडी दांडा बसवून घेतला, यांच्या कॉटपासून थेट दुकानाच्या पडद्यापर्यंत. धरून चालायला. छान गुळगुळीत केलाय. मग यांना दांडा धरायला लावला. यांनी धरला. उठा म्हटल्यावर सोडला. पुन्हा धरला, पुन्हा सोडला. पालथ्या घड्यावर पाणी!

जाताना मला बाजूला घेऊन सांगितलं की चूक माझी आहे. ते हाक मारतात आणि तुम्ही धावता. सगळं जागेवर मिळतंय तर माणूस उठेल कशाला? दोन दिवस जाऊ नका हाकेला, मग बघा.

त्याला काय माहीत! या हाकेला न जाणं मला शिकवलेलंच नाही कुणी.

१४ सप्टेंबर

नातीचा फोन. आम्ही तिला चिमणी म्हणतो, आता ती कॉलेजात जाते तरी. तिनं आजोबांच्या शब्दाचा शोध लावलाय. म्हणाली, आजी, जंबो हा हत्ती होता, खराखुरा. खूप वर्षांपूर्वीचा. एका प्राणिसंग्रहालयात होता, पोरं त्याच्या पाठीवर बसायची. त्याच्यावरूनच मोठ्या वस्तूंना जंबो म्हणायला लागले सगळे. म्हटलं, म्हणजे आधी नाव होतं आणि मग माप झालं? तर म्हणे हो. विमानाला जंबो, टूथपेस्टला जंबो. मी म्हटलं, बिस्किटाच्या पुड्यावरही असतं, पण आत बघावं तर बिस्किटं तेवढीच.

मग तिनं पुढचं सांगितलं. त्या हत्तीला विकलं. लांब, समुद्रापलीकडे, सर्कशीत. न्यायला माणसं आली तर हा भर रस्त्यात बसला. बसला म्हणजे बसलाच! ओढतायत, ढकलतायत, लोक जमलेत, रडतायत, पण हा ढिम्म.

मी विचारलं, मग? तर म्हणाली, मग गेला शेवटी. त्याला रोज सांभाळणारा माणूस बरोबर होता म्हणून गेला.

फोन ठेवून यांच्याकडे बघितलं. हे कॉटवर, पाय पसरून, छताकडे बघत. हा आमचा हत्ती.

मोठं म्हणजे किती मोठं, याचं उत्तर यांच्याकडे फार आधीपासून तयार होतं. एकदा एका नव्या गिऱ्हाइकानं विचारलेलं, जंबो म्हणजे नक्की केवढा हो? हे पट्टी काढतील असं वाटलं. काढली नाही. म्हणाले, एका माणसाच्या हातात मावत नाही तो जंबो. बस, एवढंच. फूट नाही, इंच नाही. मला तेव्हा वाटलं, माणूस आळशी आहे, मोजायचा कंटाळा.

आता हे स्वतःच जंबो झालेत. एका माणसाच्या हातात मावत नाहीत. मुलाचं म्हणणं तरी दुसरं काय आहे?

१५ सप्टेंबर

रस्त्यात बसला तो शहाणाच होता म्हणायचा.

१८ सप्टेंबर

लिहू की नको असं झालंय. लिहिते.

ठरवलं होतं, आज हाकेला जायचं नाही. सकाळीच यांचं सगळं आवरून, पाणी हाताशी ठेवून, मी दुकानात येऊन बसले. छोट्या कॉप्यांची गिऱ्हाइकं असतात थोडीफार. पडदा ओढून घेतला.

थोड्या वेळानं आतून जंबो. मी गप्प. पुन्हा जंबो. एका बाईला काही कागदांच्या कॉप्या हव्या होत्या, त्या काढत बसले. ती बाई दोनदा पडद्याकडे बघून म्हणाली, आत कुणीतरी बोलावतंय तुम्हाला. म्हटलं, हो, बोलावू दे. तिनं माझ्याकडे असं पाहिलं! काय वाटलं असेल तिला माझ्याबद्दल.

मग हाक वाढली. आधी साधी, मग जोरात, मग रागानं. रागावले तर उठतील, असं मला वाटत होतं. कान पडद्याकडे लावून बसले होते, कॉट वाजते का म्हणून. कॉट वाजली नाही. मग आवाज उतरत गेला. शेवटी शेवटी तर नुसतं 'जं' यायचं, पुढचं तोंडातच राहायचं. आणि मग काहीच नाही.

ते काहीच-नाही मला सोसवलं नाही. आत गेले. उशी ओली झालेली. मला बघितल्यावर यांनी डावा हात पुढे केला, तीच चिमूट केलेली. मी तो हात हातात घेतला, घट्ट धरला, तर हलकेच सोडवून घेतला आणि परत चिमूट. मला कळेना. मी म्हटलं, चुकले हो, परत असं करणार नाही. किती वेळ तेच म्हणत बसले होते.

त्या हसऱ्या पोराच्या पायाला कुणीतरी असंच दाबलं पाहिजे!

१९ सप्टेंबर

आज प्रत्येक हाकेला गेले. व्यायामवाल्याला सांगणार नाही.

२२ सप्टेंबर

बोलकी आली होती. तिला एक गोष्ट दिसली, जी मला एवढ्या दिवसांत दिसली नव्हती. म्हणाली, तुम्ही समोर असता ना, तेव्हा ते जंबो म्हणतच नाहीत. चित्रांना म्हटलं तेव्हासुद्धा तुम्ही मागे होतात, त्यांना दिसत नव्हतात. तुमचा फोटो दाखवला तेव्हा तुम्ही समोर दिसलात, आणि ते गप्प झाले. तुम्ही खोलीबाहेर गेलात की सुरू.

मी म्हटलं, म्हणजे मलाच बोलावतात? ती म्हणाली, मला तसं वाटतं. मग मी म्हटलं, अगं पण मी येते ना! आल्यावर परत तोंड फिरवतात, ते का? ते तिला सांगता येईना. चिमटीचं विचारलं, तेही नाही. मी तर त्या चिमटीला आजवर साखर दिली, मीठ दिलं, गोळी दिली, एकदा त्यांच्या शर्टाचं बटणसुद्धा दिलं हातात.

ती गेल्यावर फडताळातले कागद बदलायला काढले. खाली घालायला आम्ही जुने, कुणी न नेलेले नकाशेच वापरतो. एक मोठा नकाशा उलगडला आणि पुढे झटकताना त्याचं टोक यांच्या कॉटवर गेलं. यांनी ते धरलं. अंगठा आणि दोन बोटं, अगदी कडेला.

मी जागच्या जागी थांबले! कागद असाच धरतात. तळवा लावायचा नाही, घामाचा डाग पडतो, हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात यांनीच शिकवलं होतं, तेही रागावून. ती साखर नव्हती, मीठ नव्हतं, काही नव्हतं. हे मला बोलवत होते आणि मी आले की हात पुढे करत होते — चल, धर. आणि मी आपली दर वेळी काहीतरी देत होते. काही मागतच नव्हते हो! काम करायला बोलावत होते.

मी माझं टोक धरलं. यांनी हनुवटीनं खूण केली, वर घे. घेतलं. कागद दोघांत ताणला गेला, सरळ. यांनी एक डोळा बारीक करून कड बघितली, दुकानात बघायचे तशीच. मग आम्ही घडी घातली. कोपऱ्यातली नावाची चौकट वर यायला हवी, ती वर आली. किती दिवसांनी यांचा चेहरा तसा दिसला. मला हसू पण येत होतं आणि डोळ्यांना दिसत पण नव्हतं.

उद्या हे उभे राहणार. मला माहीत आहे.

२३ सप्टेंबर

नाही राहिले.

टोक धरलं, आनंदानं धरलं. मी माझं टोक घेऊन दाराकडे सरकले, म्हणजे कागद ताणला जाईल आणि हे त्याच्यामागे उठतील. सकाळपासून हाच बेत करून ठेवला होता. कागद ताणला गेला आणि यांनी सोडून दिला. मग आम्ही दोघंही खाली पडलेल्या कागदाकडे बघत राहिलो.

लबाडी ओळखली. काम नव्हतं ते. व्यायामच होता, कागदात गुंडाळलेला.

२५ सप्टेंबर

व्यायामवाला परत तेच म्हणाला. पाय तयार आहे. मला आता त्या वाक्याचा राग येतो.

कमरेत उसण भरलीय. यांना बसवताना आज इस्त्रीवाल्याला हाक मारावी लागली. तो बिचारा येतो, काही बोलत नाही. पण किती दिवस?

२६ सप्टेंबर

मुलानं गाडी ठरवली. मागे झोपून नेता येईल अशी. परवा रात्री पोचतो, तीसला सकाळी निघायचं. मशीनचं पण बघू म्हणाला, एवढं धूड नुसतं ठेवून काय करायचं.

दुकानाच्या दारावर पाटी लावली, मोठ्या कॉप्या बंद. कागदावर मोठ्या अक्षरात लिहिली, चिकटपट्टी लावली. वळून बघते तर पडदा बाजूला राहिलेला आणि हे कॉटवरून बघतायत. पाटी उलटी, रस्त्याच्या बाजूला, यांना वाचता येणार नव्हती. पण काय लावलं ते कळलं असावं. जंबो म्हणाले. मी समोर असताना! हाक मारल्यासारखं नाही, अगदी हळू. मी म्हटलं, हो.

२८ सप्टेंबर

यांचे कपडे पिशव्यांत भरले. शर्ट सगळे घेतले. दुकानातला निळा कोट आधी घेतला, मग काढला, मग परत घेतला.

मला भीती वाटते. इथे लिहायला हरकत नाही, मुलाला सांगता येणार नाही. तिथे सगळं नीट करतील, त्याबद्दल माझं म्हणणं नाही. हे जंबो म्हणतील, ती दणकट माणसं येतील. उचलतील, पुसतील, पांघरूण घालतील, पाणी देतील. आणि हे हात पुढे करतील, चिमूट करून. त्यांना काय कळणार? मला कळायला एवढे दिवस लागले आणि मी तर यांची बायको. तिथे यांच्या हातात साखर देतील हो!

मुलाला हे समजावून सांगावं म्हणते. पण मग तो विचारेल, आई, कळलं ना तुला, मग उठले का ते? आणि हे काही उठलेले नाहीत.

२९ सप्टेंबर

मुलगा काल रात्री आला. आज दिवसभर बापाजवळ बसून होता. यांची नखं काढली, दाढी केली, केस विंचरले. मी स्वयंपाकघरात होते तर आतून जंबो ऐकू आलं. त्याचं ऐकू आलं, काय हवंय बाबा? पाणी? आणि भांड्याचा आवाज.

मग तो स्वयंपाकघरात आला आणि ओट्याला टेकून रडला. एवढा मोठा माणूस, कल्ल्यांवर पांढरे केस आलेत आता. म्हणाला, आई, तू मला वाईट समजत असशील, पण एक दिवस तुम्ही दोघंही खाली पडाल आणि इस्त्रीवाला घरी नसेल, मग? मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. वाईट नाहीये पोरगा. भ्यालाय. मीही भ्यालेय. फक्त दोघांची भीती वेगळी आहे.

मी हो म्हटलं. उद्या सकाळी त्याची आंघोळ झाली की निघायचं.

३० सप्टेंबर

पिशव्या दारात. मुलगा आंघोळीला. तेवढ्यात एक बाई मोठा नकाशा घेऊन आत, शाळेचा. पाटी वाचलीच नाही. आजच द्यायचाय, गाडी लावून येते म्हणाली आणि गेली पण. म्हटलं, जाता जाता एक काढू, त्यात काय. मशीनवरचं कापड काढलं. कागद घातला, सरळ धरला, आणि तो मागून बाहेर पडायला लागला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मागे कुणी नाही! माझे दोन्ही हात पुढे. सोडले तर तिरका जाणार. मागे सळसळत टोक खाली चाललेलं. आणि माझ्या तोंडून गेलं —

"जंबो!"

आत कॉट करकरली. मग भिंतीचा दांडा. मी वळून बघितलं नाही, वळले असते तर कागद बिघडला असता. दांडा करकरत राहिला, पडद्याच्या कड्या वाजल्या, आणि मागची सळसळ थांबली. कुणीतरी टोक धरलं होतं.

मुलगा टॉवेल गुंडाळून, अंगभर साबण, दारात उभा. पिशव्यांतले कपडे त्यानंच परत कपाटात लावले.